नागपूरचे सकाळचे पेपर : सगळे एकदम लावून वाचले, त्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकते, नागपुरात निष्पक्ष पेपर कोणता असं विचाराल तर एकाचं नाव मी देणार नाही, कारण तसा पेपर मला सापडला नाही आणि आता वाटतं की आपण शोधतोच चुकीची वस्तू. प्रत्येक पेपर कुठे ना कुठे झुकलेला आहे. पण मेहनत केलेली बातमी आणि बसल्या जागी लिहिलेली बातमी यातला फरक घरी बसून कोणालाही ओळखता येतो, फक्त दोन-तीन पेपर शेजारी शेजारी ठेवावे लागतात. आम्ही ते केलं म्हणून हे लिहून राहिली आहे.

मुलगी एमपीएससीची तयारी करते. क्लासच्या सरांनी सांगितलं की एकाच पेपरवर चालू घडामोडी करू नका, म्हणून पेपरवाल्या दादाला सांगून चार मराठी, एक हिंदी, एक इंग्रजी असे लावले. आधी घरी एकच यायचा, सासऱ्यांच्या वेळपासून तोच. मुलगी तिच्या नोट्स काढते, मी शाळेतून रिटायर झाल्यापासून मला वेळ आहे तर मी बाकीचं सगळं वाचते, अगदी निविदा आणि तेरवीच्या जाहिरातीसुद्धा. मग सवयच लागली, हॉलमध्ये सतरंजीवर सगळी पहिली पानं पसरवायची आणि एकच बातमी कुठे कशी आली ते बघायचं.

वस्तू म्हणून आधी बोलते. डिलिव्हरी चांगली, सहाच्या आत सगळे पेपर गेटला अडकवलेले असतात, पावसाळ्यात दादा प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकतो, एखादा भिजला तर दुपारी दुसरा आणून देतो, याला पूर्ण मार्क. छपाई सगळ्यांची ठीक, एका पेपरची शाई मात्र हाताला लागते. जॅकेटचा प्रकार वैताग आणणारा आहे, सणासुदीला वर दोन-दोन पानं नुसती बिल्डर आणि ज्वेलर्सची, पहिलं पान शोधावं लागते. किंमत मात्र अजूनही कमीच, महिन्याचं सगळ्यांचं बिल भरून रद्दी विकली की थोडे परत पण येतात. आणि इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे जी मला इतकी वर्षं पेपर वाचून नीट लक्षात आली नव्हती, की आपण जे पैसे देतो त्यात कागदाचा आणि छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही. पेपर चालतो जाहिरातीवर. सरकारी जाहिराती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून आणि केंद्राच्या संचार ब्यूरोकडून जातात, बाकी बिल्डर, हॉस्पिटल, क्लासेस, ज्वेलर्स. म्हणजे आपण अर्धे गिऱ्हाईक आहोत आणि अर्धं गिऱ्हाईक तो आहे ज्याच्याबद्दल कधी तरी वाईट बातमी छापायची वेळ येणार आहे. हे लक्षात ठेवून वाचलं की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागतात.

आता मालक कोण. हे प्रत्येकाने एकदा बघावं, लपलेलं काही नाही, शेवटच्या पानाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी ओळ असते, ती छापणं १८६७ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे आणि तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवीन कायदा आला तरी ती ओळ आहेच. आपल्या शहराचा इतिहास तर याबाबतीत फार मोठा आहे. हितवाद १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केला, पुढे तो बनवारीलाल पुरोहितांकडे आला, जे नागपूरचे खासदार काँग्रेसकडूनही होते आणि भाजपकडूनही, नंतर राज्यपाल झाले. लोकमत नागपुरात १९७१ पासून दैनिक म्हणून निघते, जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री, विजय दर्डा राज्यसभेत, राजेंद्र दर्डा मंत्री. तरुण भारत नरकेसरी प्रकाशनाचा, संघविचाराचा पेपर अशी त्याची ओळख आणि तो ती लपवत नाही. नवभारत रामगोपाल माहेश्वरींनी इथूनच सुरू केला. देशोन्नती अकोल्याचा, प्रकाश पोहरेंचा, शेतकऱ्यांची बाजू उघडपणे घेणारा.

यावरून "हा काँग्रेसचा, तो संघाचा" असा शिक्का मारून मोकळे होणारे लोक आमच्या गल्लीत पण आहेत आणि मला ते पटत नाही. मी वाचून सांगते, ज्याचा झुकाव माहीत आहे त्या पेपरचा त्रास कमी होते. अग्रलेख कुठल्या बाजूचा येणार हे माहीत असते, तुम्ही तेवढं वजा करून वाचता. आणि कित्येकदा महापालिकेची, नागनदीची, मेडिकलमधल्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधल्या, औषधांच्या तुटवड्याची सगळ्यात चांगली बातमी मला अशा पेपरात मिळाली ज्याचे अग्रलेख मला अजिबात पटत नाहीत. शिक्क्यावर गेले असते तर ती बातमी मी वाचलीच नसती.

त्रास होते तो दुसऱ्या ठिकाणी. क्रियापदं बघा. सत्तेतला माणूस बोलला की "स्पष्ट केले", विरोधातला बोलला की "आरोप केला", अधिकारी बोलले की "माहिती दिली", आणि वस्तीतली बाई बोलली की "आक्रोश केला" किंवा "टाहो फोडला". आता "स्पष्ट केले" म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात ते खरंच झालं, कोणी तपासलं का, नाही तपासलं. मुलीने एक दिवस गंमत म्हणून पेन घेऊन ही क्रियापदं गोल केली आणि मग आम्ही रोजच करायला लागलो. त्यात एक पेपर असा निघाला, छोट्या खपाचा, जो बहुतेक ठिकाणी सरळ "म्हणाले" लिहिते, कोणीही असो, मंत्री असो की मोर्चेकरी. वाचायला थोडं कोरडं वाटते पण मला तोच आवडायला लागला. हे काम पैशाचं नाही, डेस्कवर बसलेल्या माणसाने दोन मिनिटं विचार करायचं आहे, म्हणून जे करत नाहीत त्यांना मी सूट देणार नाही.

कर्ता कोण हे पण बघा. २०२३ चा सप्टेंबर आठवा, २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, इकडे सीताबर्डीपर्यंत घराघरात पाणी. माझी बहीण त्या भागात राहते, तिचा फ्रीज तरंगत होता. त्या वेळी घरी एकच पेपर यायचा, बाकीचे मी आता ई-पेपरच्या जुन्या अंकांतून काढून बघितले. सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी पाऊस हाच सगळं करून राहिला होता, पावसाने थैमान घातलं, पावसाने झोडपलं, निसर्ग कोपला. पाऊस खरंच भयंकर होता, ते खोटं नाही. पण तलावाच्या ओव्हरफ्लोच्या तोंडाशी काय बांधलं आहे, नाल्याची रुंदी किती राहिली, त्याच्यावर स्लॅब कोणी टाकला, परवानगी कोणी दिली, हे प्रश्न पावसाला विचारता येत नाहीत ना. ते विचारायला एक-दोनच पेपरांचे रिपोर्टर नकाशे घेऊन फिरले, काठावरच्या लोकांशी बोलले, आणि पुढे रहिवासी जनहित याचिका घेऊन नागपूर खंडपीठात गेल्यावर मग सगळ्यांनीच तेच छापलं. कोर्टात गेलं की छापायला भीती नाही, कारण मग "याचिकेत म्हटले आहे" एवढं लिहिलं की झालं. मला त्या पहिल्या एक-दोन रिपोर्टरांचं कौतुक वाटते, त्यांची नावं बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीसोबत छापलेल्या बातमीदाराच्या नावात, होती, आता त्यांची नावं दिसली की मी ती बातमी पहिले वाचते, मग पेपर कोणताही असो.

आणि उलट, दोन्ही बाजू छापल्या म्हणजे काम झालं असं समजणारे पण आहेत. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या बातम्या घ्या. गावकरी म्हणतात पाणी खराब झालं, शेतात राख आली, अधिकारी म्हणतात सगळं नियमात आहे, बातमी संपली. दिसायला एकदम निष्पक्ष, दोघांना सारख्या ओळी. पण पाणी खराब आहे की नाही ही मताची गोष्ट नाही आहे, नागपूरहून तिथे जायला तास लागत नाही, जाऊन बघा, बाटली भरा, लॅबमध्ये द्या, प्रदूषण मंडळाचे आकडे मागा. पाऊस पडून राहिला की नाही यावर दोन तज्ज्ञांची मतं घेण्यापेक्षा खिडकी उघडावी, इतकं साधं आहे ते. मी असल्या बातमीला निष्पक्ष म्हणत नाही, मी तिला अर्धवट म्हणते, कारण त्यात ज्याच्याकडे प्रेसनोट काढायला ऑफिस आहे त्याचंच बोलणं नेहमी जास्त व्यवस्थित छापून येते.

मोर्चे तर आपल्या इथे डिसेंबर लागला की सुरूच होतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे, आणि अधिवेशन इथे म्हणून अख्ख्या महाराष्ट्रातली माणसं यशवंत स्टेडियमहून निघून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर येऊन अडतात. दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर बघा, वाहतूक किती वेळ ठप्प होती, कोणता रस्ता बंद, नागपूरकर कसे हैराण, आणि अंगणवाडीच्या बायका गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून कशासाठी आल्या होत्या ते शेवटच्या दोन ओळीत, कधी तेही नाही. मी पण ट्रॅफिकमध्ये अडकते, मला पण राग येते, पण ज्या शहरात २३ नोव्हेंबर १९९४ ला एका मोर्चात ११४ गोवारी बांधव मेले, ज्यांचं स्मारक झिरो माइलजवळ उभं आहे, त्या शहराच्या पेपरांनी तरी मोर्चाला ट्रॅफिकची बातमी बनवू नये असं मला मनापासून वाटते. या बाबतीत सहाही पेपर नापास, एखाद-दुसऱ्या दिवशी अपवाद.

कोणती बातमी कुठे लावली यात पण सगळं येते. नागपूरकरांना याची सगळ्यात मोठी परीक्षा दरवर्षी दसऱ्याला घेता येते. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीची, बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, तेव्हाही अशोक विजयादशमी. एकाच दिवशी एकीकडे रेशीमबागेत संघाचा कार्यक्रम, दुसरीकडे दीक्षाभूमीवर लाखो लोक. दसऱ्यानंतर जो पहिला अंक येते तो सगळ्यांचा घेऊन बसा, वरच्या अर्ध्या पानात कोणता फोटो आहे, कोणता आतल्या पानावर आहे, याच्यात तुम्हाला पेपरची ओळख मिळेल. पण मला त्याहून जास्त खटकली ती दुसरी गोष्ट, फोटो दोघांचे मोठे छापले तरी एकीकडे भाषणात काय म्हटलं ते मुद्द्यांसकट छापते आणि दुसरीकडे "जनसागर उसळला", पोलीस बंदोबस्त, भोजनदान, बसेस. तिथे पुस्तकांचे किती स्टॉल लागतात, लोक पोत्यांनी पुस्तकं घेऊन जातात, कोणती घेतात, भाषणात काय मांडलं, यावर फार थोडं. गर्दी मोजली, माणसांचं ऐकलं नाही. बाबासाहेबांचा मूकनायक हा पेपर ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरातसुद्धा केसरीने छापली नव्हती हे आपल्याला माहीत आहे, त्याला आता शंभरच्या वर वर्षं झाली, पण काय छापायचं नाही हे ठरवणारा माणूस कोण आहे हा प्रश्न तिथेच आहे.

क्राइमची पानं मी आता जवळपास वाचणं सोडलं. तिथे बातमी एकाच बाजूची असते, पोलीस स्टेशनची. अटक झाली की फोटो, नाव, वस्ती, आणि हेडिंगमध्ये आरोपी थेट गुन्हेगार होऊन जाते. आमच्या भागातला एक पोट्टा असाच एका प्रकरणात पकडला गेला, एका पेपरने फोटोसकट चार कॉलम छापलं, नंतर कोर्टाने त्याला सोडलं, ते त्या पेपरात एक ओळ आलं नाही. त्याच्या आईने मला विचारलं होतं की मॅडम तुम्ही शिकवायच्या ना, तुम्ही त्यांना लिहा. मी लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या पोराला आजही कोणी कामावर ठेवायचं म्हटलं की मोबाइलवर तीच जुनी बातमी काढून दाखवतात. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या नियमात स्पष्ट आहे की दोष सिद्ध होईपर्यंत कोणाला दोषी ठरवून छापायचं नाही, सगळ्यांना माहीत आहे, तरी.

आता कस्टमर केअर म्हणाल तर तेच सांगते, कारण लोकांना ही सोय माहीत नाही. बातमी चुकीची असेल तर आधी संपादकाला लेखी कळवायचं, कात्रण जोडायचं, नेमकं काय चूक आहे ते आणि पुरावा. दाद मिळाली नाही तर दिल्लीला प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल १९७८ च्या कायद्याखाली चालते, चौकशी करते, पेपरला ताकीद देऊ शकते, नापसंती नोंदवू शकते, पण एक रुपया दंड करू शकत नाही, आणि टीव्ही चॅनल तर तिच्या कक्षेतच नाहीत. तरी करावी, कारण रेकॉर्ड राहते. माझा दुसरा अनुभव चांगला आहे, एका पेपरने आमच्या जुन्या शाळेच्या बातमीत पटसंख्या चुकीची दिली होती, मी मेल केला, दोन दिवसांत फोन आला, आणि त्याच पानावर खुलासा छापला. छोटाच होता पण त्याच पानावर. त्या दिवसापासून त्या पेपरवर माझा विश्वास वाढला. चूक झाली हे छापणारा पेपर मला जास्त खरा वाटते, कारण ज्याच्यात कधीच खुलासा येत नाही तो काही कधी चुकत नाही असं नाही ना.

विकलेल्या बातमीबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर अक्षरशः शब्दाला शब्द सारखा आला होता, पी. साईनाथ यांनी ते द हिंदूमधून उघड केलं. प्रेस कौन्सिलने दोन जणांची उपसमिती नेमली, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी, त्यांनी नावांसकट ७१ पानांचा अहवाल दिला, आणि २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण न देता छोटा करून बाहेर काढला, पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये वेबसाइटवर आला. म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेलाच पेपरांची नावं छापायला जड गेलं. हे माझ्या मते कोणत्याही विचाराच्या झुकावापेक्षा वाईट आहे, कारण झुकाव निदान कोणाचा तरी खरा विचार असते, इथे विचारच भाड्याने दिलेला. आजही निवडणूक नसताना शहराच्या पुरवणीत बघा, अमुक डॉक्टरांची दुर्मिळ शस्त्रक्रिया, अमुक क्लासचे विद्यार्थी चमकले, अमुक लेआउटला नागरिकांची पसंती, बायलाइन नाही, एकही प्रश्न नाही, फोटोत सगळे हसून राहिले. काही पेपर वर कोपऱ्यात "प्रायोजित" लिहितात, अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावून शोधावं लागते, पण लिहितात तरी. जे तेवढंही लिहीत नाहीत त्यांना या रकान्यात मी शून्य देते.

आणि आता ते जे ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक झुकाव असा आहे जो सहाही पेपरात सारखा आहे आणि आपल्याला तो दिसतच नाही कारण तो आपल्या मनात पण आहे. मिहान, म्हणजे आपल्या विमानतळाजवळचा तो मोठा उद्योग प्रकल्प. मी शाळेत होते तेव्हापासून, म्हणजे शिकवत होते तेव्हापासून, वाचून राहिली आहे, येणार, होणार, मिळणार, हजारो नोकऱ्या, मोठी कंपनी, जागतिक हब. काही आलं पण, बोइंगचं विमान दुरुस्ती केंद्र आलं, आयटीवाले आले, ते खरं आहे. पण जे आलं नाही त्याची बातमी कधी आली? जमीन घेऊन बसलेल्या कंपन्यांची, शिवणगावच्या लोकांच्या पुनर्वसनाची? येते, पण मागच्या पानावर, आणि "येणार" मात्र पहिल्या पानावर. यात कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, कोणी खोटं बोललं नाही. लिहिणाऱ्याला पण वाटते आपल्या गावात काही यावं, त्याचा भाऊ पण पुण्याला नोकरीला आहे, माझा मुलगा पण पुण्यालाच आहे. आपण सगळेच ते हेडिंग वाचायला आतुर असतो.

असं आधी पण झालेलं आहे. रशियात क्रांती झाल्यावर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने तीन वर्षं काय छापलं ते वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघांनी १९२० मध्ये सगळे अंक काढून तपासलं, तर बोल्शेविकांची सत्ता आता पडते किंवा पडलीच असं ९१ वेळा छापून आलं होतं. ती पडली नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की कट वगैरे काही नव्हता, बातमीदारांना आणि संपादकांना जे व्हावं असं वाटत होतं तेच त्यांना दिसत होतं. हे वाचलं आणि मला मिहानच आठवलं. मुलीला म्हटलं, तू नोट्समध्ये "होणार" असलेली हेडिंग वेगळ्या पानावर लिहून ठेव, तारीख टाकून, एका वर्षाने बघू. तिने पान केलं आहे, भरून राहिलं आहे.

म्हणून माझी शिफारस अशी आहे. जो पेपर तुमच्या घरी वर्षानुवर्षं येते तो बंद करू नका, पण त्याच्या जोडीला असा एक लावा ज्याचा अग्रलेख वाचून तुम्हाला राग येते. दोघांत एकाच विषयावर जे सारखं आलं ते बहुतेक घडलेलं असते, जे वेगळं आलं तिथे थांबून बघा की कोण जागेवर गेलं होतं, कोणाचं नाव खाली आहे, आणि कोणी नुसतं "सूत्रांनी सांगितले" लिहून सोडलं. सहा पेपरांची गरज नाही, खरं सांगते, तीन-चार महिन्यांनी डोकं दुखायला लागते आणि अर्ध्या बातम्या त्याच एजन्सीच्या असतात, हेडिंग फक्त बदललेलं.

ॲपबद्दल थोडक्यात, सगळ्यांचे फुकट ॲप टाकून बघितले आणि काढून टाकले. छापील पेपरात जी बातमी आतल्या पानावर दोन कॉलम असते तीच ॲपवर "धक्कादायक", "खळबळ", पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह लावून काहीही छापता येते. ई-पेपर मात्र चांगला, जुने अंक तारखेने निघतात, पूर आला तेव्हा कोणी काय छापलं होतं ते बघायला तोच कामाला आला, काही पेपरांचा फुकट, काहींचा वर्गणी भरून. चॅनल आमच्याकडे लागत नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही.

आम्ही सध्या तीन ठेवले. सासऱ्यांच्या वेळचा तो, त्याच्या बरोब्बर विरुद्ध विचाराचा एक, आणि तो "म्हणाले" लिहिणारा छोटा. इंग्रजी मुलगी लायब्ररीत वाचते. पेपरवाला दादा महिन्याच्या मधात पेपर बदलून देत नाही, कोणाला बदलायचा असेल तर २५ तारखेच्या आधी सांगून ठेवा, एक तारखेपासून लागते, आणि बिल देताना सुट्ट्यांचे दिवस वजा केले की नाही तेवढं बघून घ्या.